रस्ता तासाला किती देतो?

धरून चालू की सिंधुदुर्गात गोव्याच्या हद्दीजवळच्या बांद्यात एक खोली आणि स्वयंपाकघर महिन्याला साडेचार हजारांत मिळतं आणि गोव्यातल्या म्हापशात तेवढ्याच जागेला बारा हजार पडतात. नोकरी म्हापशात. मग बांद्यात राहायचं, रोज गाडी मारायची आणि महिन्याला साडेसात हजार वाचवायचे. सिंधुदुर्गातली कितीतरी पोरं हा हिशेब करून रोज सकाळी पत्रादेवीला गोव्याची हद्द ओलांडतात. कोणी पेडण्याला उतरतो, कोणी तुयेच्या औद्योगिक वसाहतीत, कोणी २०२३च्या जानेवारीत सुरू झालेल्या मोपाच्या विमानतळावर, तर कोणी थेट पणजीपर्यंत जातो. हिशेब सुरू बरोबर होतो, पण अर्ध्यावर सोडलेला असतो.

ते साडेसात हजार फुकट मिळत नाहीत. रोज रस्त्यावर वेळ घालवायचा आणि त्याबदल्यात ते घ्यायचे, असा तो व्यवहार आहे. म्हणजे प्रवास ही तुमची दुसरी नोकरी आणि भाड्यातला फरक हा तिचा पगार. पहिली नोकरी धरताना ड्युटी किती तासांची, हे आपण आधी विचारतो. या दुसऱ्या नोकरीबाबत ते कोणी विचारत नाही, म्हणून लोक वर्षानुवर्षं फार कमी दरात राबतात.

दर काढायला गणित चौथीचं पुरतं. भाड्यातला फरक घ्या, त्यातून प्रवासाचा जादा खर्च वजा करा आणि उरेल त्याला प्रवासाच्या जादा तासांनी भागा. येईल तो रस्त्याचा तासाचा दर.

बांदा-म्हापसा साधारण तीस किलोमीटर धरू. जाऊन-येऊन साठ, महिन्याचे कामाचे दिवस पंचवीस, म्हणजे दीड हजार किलोमीटर. मोटरसायकल लिटरला पन्नास देते असं मानलं तर तीस लिटर पेट्रोल. गोव्यात पेट्रोल महाराष्ट्रापेक्षा स्वस्त असतं, त्यामुळे टाकी अर्थातच तिकडेच भरली जाते. तरी आकडेमोड सोपी जावी म्हणून लिटरला शंभर रुपये धरू. झाले तीन हजार.

बहुतेक जण इथेच थांबतात. पण महिन्याला दीड हजार म्हणजे वर्षाला अठरा हजार किलोमीटर. एवढ्या धावण्यात ऑइल बदलावं लागतं, चेन-स्प्रॉकेट जातं, ब्रेक लायनर जातात, टायर गुळगुळीत होतात, आणि गाडी विकायला काढली की घेणारा आधी किलोमीटरचा काटा बघतो. या सगळ्याचा किलोमीटरमागे सव्वा रुपयाच्या आतबाहेर खर्च येतो असं धरा. मी एक रुपया वीस पैसे धरतो. ते झाले अठराशे. एकूण प्रवासखर्च चार हजार आठशे. साडेसात हजारांतून तो गेला की हातात राहतात दोन हजार सातशे.

आता तास. घराच्या दारापासून कामाच्या दारापर्यंत मोजायचे: गाडी बाहेर काढणं, हेल्मेट, नाक्यावरची गर्दी, पार्किंग, सगळं धरून. बांद्याहून सव्वा तास लागत असेल आणि म्हापशातल्या म्हापशात पंधरा मिनिटं, तर एका बाजूला एक तास जादा. दिवसाला दोन, महिन्याला पन्नास. दोन हजार सातशे भागिले पन्नास, म्हणजे तासाला चोपन्न रुपये.

चोपन्न कमी की जास्त, हे तुमच्या पगाराशेजारी ठेवल्यावर कळतं. पगार बावीस हजार असेल आणि दिवसाला नऊ तास कामावर जात असतील, तर नोकरी तुम्हाला तासाला अठ्ठ्याण्णवच्या आसपास देते. वाहतुकीचं अर्थशास्त्र बघणारे लोक रोजच्या खासगी प्रवासातला तास मजुरीच्या साधारण निम्म्या किमतीचा धरतात. अमेरिकेच्या वाहतूक खात्याच्या मार्गदर्शक सूचनांतही स्थानिक प्रवासासाठी असाच, तासाच्या घरगुती उत्पन्नाच्या निम्म्याचा, अंदाज वापरला जातो. त्या मापाने आपली रेघ एकोणपन्नासवर येते. चोपन्न रुपये त्या रेघेच्या जेमतेम वर आहेत. व्यवहार ठीक दिसतो, पण यात पाऊस अजून धरलेला नाही.

त्याआधी एक गोष्ट. हाच माणूस बांद्यात भाड्याने न राहता वडिलांच्या घरात राहत असेल, तर सगळं उलटतं. भाड्यातला फरक साडेसात हजारांचा बारा हजार होतो, खर्च तेवढाच राहतो, आणि रस्त्याचा दर तासाला एकशे चव्वेचाळीस पडतो. नोकरीपेक्षा जास्त! सिंधुदुर्गातून गोव्यात रोज ये-जा करणारे इतके जण का दिसतात, याचं उत्तर यात आहे. त्यांना मेहनतीची हौस आहे किंवा हिशेब कळत नाही असं काही नाही, त्यांचं गावात स्वतःचं घर आहे. मात्र त्यांचं बघून सांगली-कोल्हापूरकडून आलेला एखादा मुलगा बांद्यात भाड्याची खोली घेतो आणि तोच मार्ग धरतो, तेव्हा त्याला मिळणारा दर चोपन्नचा असतो. शेजारी-शेजारी गाडी चालवणाऱ्या दोघांच्या हिशेबात इतका फरक पडतो.

तिसरा मार्ग म्हणजे म्हापशातली खोली दोघांत घ्यायची. वाट्याला सहा हजार. बांद्यातल्या साडेचार हजारांशी तुलना केली तर फरक उरतो दीड हजार आणि प्रवासखर्च चार हजार आठशे. इथे रस्ता काही देत नाही, उलट तुमच्याकडून घेतो. स्वतःचं घर असलेल्यालाही मग तासाला चोवीसच पडतात. पण त्याचं जेवणही हिशेबात धरा. घरी आई करते, म्हापशात खानावळ लागते. खानावळीचे तीन हजार जादा गेले तर दर पुन्हा चौऱ्याऐंशीवर चढतो. कोकणातल्या पुष्कळ घरांत हा सगळा निर्णय शेवटी जेवणावरच होतो आणि त्यात गैर काही नाही. फक्त तो आकड्यांत दिसायला हवा, आणि आईच्या श्रमांना किंमत नाही असं समजून तो आकडा खुलवू नये.

एसटीने जाणाऱ्यांचं गणित वेगळं. एसटीच्या मासिक पासाला वीस दिवसांचं भाडं भरून तीस दिवस प्रवास करता येतो, त्रैमासिकाला पन्नास दिवसांचं भरून नव्वद दिवस. महिलांना १७ मार्च २०२३ पासून तिकिटात पन्नास टक्के सवलत आहे. आता लांजा-रत्नागिरी घ्या. एका बाजूचं तिकीट सत्तर रुपये धरू. पुरुषाचा पास अठ्ठावीसशेचा होईल. बाईने पास काढलाच नाही, रोज अर्धं तिकीट घेतलं, तर पंचवीस दिवसांचे सतराशे पन्नास. म्हणजे तिच्यासाठी पासापेक्षा रोजचं तिकीट स्वस्त. पासाची सवय असलेल्या घरात हे पटकन लक्षात येत नाही.

रत्नागिरी शहरात आठ हजार भाडं आणि लांज्यात साडेचार धरलं तर फरक साडेतीन हजार. स्टँडवर थांबणं, हातखंब्याची गर्दी, रत्नागिरीत उतरून रिक्षा किंवा शहरी बस हे सगळं मिळून रोज अडीच तास जादा जातात, महिन्याला साडेबासष्ट. पुरुषाला तासाला अकरा रुपये पडतात, बाईला अठ्ठावीस. अकरा रुपये! त्यात कटिंग चहाही धड येत नाही. रत्नागिरीत नोकरी आणि लांज्यात भाड्याने राहणं हे एकट्या पुरुषासाठी आकड्यांत बसतच नाही. तिथे घर, शेत किंवा बायकोची नोकरी असेल तर गोष्ट वेगळी. (दक्षिणेकडच्यांसाठी एवढं ध्यानात असू दे की महिलांची ही सवलत राज्याच्या हद्दीपुरती आहे, गोव्यात गाडी शिरली की पुढचं भाडं पूर्ण.)

अर्थात सगळे तास एकाच मोलाचे नसतात. खिडकीची जागा मिळालेला एसटीतला तास आणि पावसात गाडीवर काढलेला तास यांत फरक आहे. पहिल्यात माणूस झोपतो, स्पर्धा परीक्षेची पुस्तकं वाचतो, फोनवर अर्धं ऑफिस उरकतो. दुसऱ्यात त्याला खड्ड्याखेरीज दुसरं काही बघता येत नाही. बसायला खात्रीने जागा मिळत असेल तर बसचा तास अर्धाच मोजायला माझी हरकत नाही. उभ्याने जावं लागत असेल तर पूर्ण मोजा.

मुळात लांबचं घर स्वस्त का असतं? जर्मन जमीनदार आणि अर्थशास्त्रज्ञ फॉन ट्यूनेन याने १८२६ साली शेतमालाच्या वाहतुकीवरून हे मांडलं: बाजारापासून जमीन जितकी दूर, तितका माल नेण्याचा खर्च जास्त आणि तितका जमिनीचा खंड कमी. १९६४ साली विल्यम अलोन्सो याने तेच शहरातल्या घरांना लावलं. त्याचा अर्थ जरा निराश करणारा आहे. बाजार नीट चालत असेल तर स्वस्त भाडं ही मेहेरबानी नसते. तुमचा प्रवासाचा त्रास मालकाने आधीच भाड्यातून कमी केलेला असतो, म्हणून जवळ राहा की लांब, एकूण सारखंच पडायला हवं. रस्ता किंवा रेल्वे आली की हे उलट्या दिशेनेही होतं. १२ जानेवारी २०२४ ला एकवीस किलोमीटर आठशे मीटरचा अटल सेतू उघडला, त्याच दिवशी नेरूळ-उरण लोकल उरणपर्यंत पोचली. अशा जोडणीत भाडेकरूचा वेळ वाचतो, पण सिद्धांत सांगतो की पुढच्या करारांमध्ये त्या वेळेचा मोठा वाटा भाडं होऊन मालकाकडे जातो. म्हणजे नव्या रस्त्याचा फायदा हवा असेल तर तो सुरू होण्याआधीचा करार हातात असलेला बरा.

कोकणात मात्र भाड्याचा बाजार इतका नीट चालत नाही, आणि तिथेच शोधणाऱ्याला संधी असते. गावोगावी घरं बंद आहेत. मालक मुंबईला, गणपतीला आणि मे महिन्यात येणार. तो घर भाड्याने देत नाही, कारण घर हातचं जाईल ही भीती. कुळकायद्याच्या आठवणी इकडे अजून ताज्या आहेत, जरी राहत्या घराच्या लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीपुरतं घर वापरायला देण्याच्या कराराचा, त्याच्याशी काही संबंध नसला तरी. अशा मालकाला नोंदणीकृत अकरा महिन्यांचा करार समोर ठेवून कोणी समजावलं, तर कामाच्या गावापासून दहा किलोमीटरवरच बाजारभावाच्या निम्म्यात घर मिळू शकतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदवलेला असणं बंधनकारक आहे आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ओळखीतलं घर आहे म्हणून कागद टाळू नका, भीती मालकाला आहे तितकीच तुम्हालाही असायला हवी.

दुसरीकडे पर्यटन भाडं फुगवतं. तारकर्ली, गणपतीपुळे, अलिबाग या पट्ट्यात मालकाला महिन्याचा भाडेकरू नकोच असतो, रात्रीच्या दराने खोली जाते. दिली तरी एप्रिलमध्ये खाली करायला सांगतात. अशा खोलीचं स्वस्त भाडं हे आठ महिन्यांचं भाडं आहे, असंच समजा.

आता पाऊस. कोकणात अंतर किलोमीटरमध्ये सांगणं धाडसाचं आहे. दाभोळ आणि धोपावे खाडीच्या दोन काठांवर समोरासमोर आहेत. दाभोळला राहणाऱ्याने अंजनवेलच्या वीज प्रकल्पात कामाला जायचं तर फेरीबोटीने गाडीसकट खाडी ओलांडली की झालं. बोट नसेल तर चिपळूणवरून आख्खा वळसा. आगरदांडा-दिघी, वेश्वी-बागमांडला, जयगड-तवसाळ, सगळीकडे हेच. नकाशा एकच असतो, पण वाऱ्या-पावसाच्या दिवशी त्याच दोन गावांमधलं अंतर वेगळं होतं.

म्हणून कोकणातला दर वर्षाचा काढायचा, महिन्याचा नव्हे. बांदा-म्हापशाचंच बघा. पावसाळ्याचे चार महिने रोजचा प्रवास लांबतो, पन्नास तासांचे पासष्ट होतात. रेनकोट, ब्रेक आणि एखाद्या दिवशी गाडी न काढता बसने जाणं यांत महिन्याला पाचशे जादा जातात. मग उरतात बावीसशे, भागिले पासष्ट, म्हणजे चौतीस रुपये. आठ महिने चोपन्नचे आणि चार महिने चौतीसचे, सगळे पैसे आणि सगळे तास एकत्र केले तर वर्षाचा दर येतो सेहेचाळीस. उन्हाळ्यात रेघेच्या वर असलेला व्यवहार पावसाने रेघेखाली आणला. नोव्हेंबरमध्ये घर बघायला जाणाऱ्याला हे दिसत नाही. तेव्हा रस्ता कोरडा असतो, हवा छान असते आणि बारा महिने असंच चालेल असं वाटतं.

शिवाय मस्टर सरासरी बघत नाही. वर्षभर सव्वा तासात पोचणारा माणूस घाटात दरड आली त्या दिवशी चार तासांनी पोचला, तर त्याची सरासरी फारशी बिघडत नाही, पण त्या दिवशी त्याचा हाफ डे लागतो. जिथे पगार कापतात किंवा लेट मार्कवरून रजा कापतात, तिथे अशा दिवसांचा अंदाज करून ती रक्कम थेट खर्चात धरा. चिपळूण किंवा खेडहून लोट्याच्या एमआयडीसीत जाणाऱ्यांना हे सांगायला नको. अंतर मोठं नाही, पण चिपळूणकराच्या वाटेत परशुराम घाट आहे, आणि चौपदरीकरणाच्या काळात तो पावसाळ्यात बंद राहिलेला त्यांनी पाहिलाय.

चिपळूणचं नाव निघालंच आहे तर स्वस्त भाड्याचा आणखी एक प्रकार सांगतो. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा बाजारपेठेतले तळमजले बुडाले. नदीकाठच्या गावात तळमजला वरच्या मजल्यापेक्षा स्वस्त असेल, तर तो फरक कशाचा आहे हे मालकाला नको, शेजारच्या दुकानदाराला विचारा. भिंतीवर पाणी कुठवर आलं होतं ते तो हाताने दाखवेल.

अलिबागहून मुंबईला जाणाऱ्याची गोष्ट अजून टोकाची. गेटवे ते मांडवा बोटीने साधारण तास, पुढे बसने पाऊण तास. उन्हाळ्यात हा प्रवास लोकलपेक्षा सुखाचा. पण गेटवेच्या लहान बोटी पावसाळ्यात बंद होतात आणि ऑगस्ट संपल्यावर पुन्हा सुरू होतात. मार्च २०२० मध्ये सुरू झालेली भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो, म्हणजे गाड्याही नेणारी मोठी बोट, पावसातही हवामान बघून चालते, म्हणून आता पूर्ण दार बंद होत नाही. तरी जिचं ऑफिस फोर्टात आहे तिला भाऊचा धक्का म्हणजे वेगळं गणित, आणि पेण-वडखळवरून रस्त्याने जायचं तर जवळजवळ शंभर किलोमीटर. अटल सेतूने वेळ वाचतो, पण सुरुवातीलाच मोटारीला एका फेरीचा टोल अडीचशे रुपये ठरला होता. रोज स्वतःच्या गाडीने जायचं म्हटलं तर अलिबागच्या स्वस्त भाड्यातून टोलच भरावा लागेल. आठवड्यातून दोनच दिवस ऑफिस असणाऱ्याला मात्र अलिबाग उत्तम. दिवस कमी झाले की तास आणि खर्च दोन्ही त्याच प्रमाणात कमी होतात आणि भाड्यातला फरक पूर्ण महिन्याचा मिळतो. घरून काम सुरू झाल्यापासून ज्यांचं गणित खरंच बदललं, ते हे लोक.

बोट असो की एसटी, शेवटची गाडी कितीची आहे हे भाड्याच्या आधी विचारा. शेवटची गाडी साडेसातला असेल आणि साहेब महिन्यातून चार वेळा आठपर्यंत थांबवत असेल, तर त्या चार रात्रींची रिक्षा, खासगी गाडी किंवा मित्राकडचा मुक्काम हिशेबात आला पाहिजे. बढती नाकारण्याची कारणं कधीकधी एसटीच्या वेळापत्रकात सापडतात, असं मला वाटतं.

घरभाडे भत्त्याबद्दल थोडक्यात. खासगी नोकरीत जुनी करप्रणाली निवडली असेल तरच भाड्यावर करसवलत मिळते, नव्या प्रणालीत नाही. आणि ती भरलेल्या भाड्यातून पगाराचा दहावा हिस्सा वजा करून मोजतात, त्यामुळे भाडं फारच स्वस्त असेल तर सवलतही जवळजवळ शून्य. सरकारी नोकरीत भत्ता नेमणुकीच्या गावावरून ठरतो. शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी यांच्याबाबत मुख्यालयी राहण्याचा वाद जुना आहे. तालुक्याला राहून गावात येणाऱ्याने दर काढताना तो भत्ता धोक्यात आहे हेही धरावं.

राहता राहिला थकवा. झुरिकचे अर्थशास्त्रज्ञ ब्रूनो फ्राय आणि अलोइस श्टुत्सर यांनी जर्मनीतल्या सर्वेक्षणांवरून एक कोडं मांडलं. अलोन्सोच्या हिशेबाने लांब राहणाऱ्याला स्वस्त भाड्यातून किंवा जादा पगारातून भरपाई मिळते, म्हणून तो जवळच्याइतकाच समाधानी असायला हवा. प्रत्यक्षात ज्यांचा प्रवास लांब, त्यांनी आपलं समाधान कमी सांगितलं. भरपाई पुरत नव्हती. मला यात नवल वाटत नाही. भाडं पहिल्या तारखेला एकदम जातं, म्हणून डोळ्यांत भरतं. पेट्रोल दोनशे-दोनशेचं जातं आणि झोप अर्ध्या-अर्ध्या तासाने जाते, ती कुणी वहीत लिहीत नाही. लिहून बघायचं असेल तर एक महिना पंपाच्या पावत्या आणि घरी पोचल्याची वेळ, एवढंच टिपा.

जुलैच्या अंधारात पाणी भरलेल्या खड्ड्यांतून आणि रस्त्यात बसलेल्या गुरांमधून गाडी काढण्याचा धोका मी या दरात धरलेला नाही, कारण त्याला रुपये लावता येत नाहीत. माझ्यापुरता नियम असा की ज्या कामावरून पावसाळ्यात रोज काळोखात दुचाकीने परतावं लागतं, तिथे कितीही दर येवो, जवळच खोली घ्यायची, निदान जून ते सप्टेंबर.

तेवढ्यासाठी करारात दोन गोष्टी मागून घ्या. लॉक-इन कालावधी, म्हणजे घर सोडता येत नाही ती मुदत, लहान, दोन-तीन महिन्यांपेक्षा जास्त नको, आणि सोडताना एक महिन्याची नोटीस पुरेशी. लांबचं घर घ्यायचंच असेल तर करार जूनपासून करा. पावसाच्या तोंडावर गिऱ्हाईक कमी, म्हणून मालक भाड्यात थोडं वाकतो, छप्पर गळतंय का ते पहिल्याच आठवड्यात कळतं, आणि रस्त्याचा सगळ्यात वाईट दर लॉक-इन संपायच्या आत तुमच्या हातात आलेला असतो. सप्टेंबरातही तो परवडत असेल तर राहा. नाहीतर नोटीस देऊन गणपतीनंतर सामान हलवा. त्या दिवसांत चाकरमानी परत जात असतात आणि मुंबईच्या रस्त्याने टेम्पो मिळणं मुश्किल, म्हणून आठवडाभर आधी सांगून ठेवा.